ऐकणारे मोजायची सोय

पिपरटोल्याच्या कपाटाला कुलूप लागलं तो मंगळवार होता. कुलूप कोणी लावलं नाही. सकाळी एका घरातला माणूस आला, त्याने कार्ड टेकवलं, दार उघडलं नाही. दुसऱ्याने टेकवलं. मग रेखाने टेकवलं. दार उघडलं नाही. दुपारी तिने मला फोन केला. मी तालुक्याच्या ग्रंथालयात माझ्या टेबलाशी बसले होते आणि समोरच्या पडद्यावर पिपरटोल्याच्या नावापुढे लाल ठिपका होता.

या अंकासाठी ‘ग्रंथालयांचं आधुनिकीकरण’ या विषयावर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. निवृत्त ग्रंथपालाने या विषयावर काय लिहायचं असतं ते मला माहीत आहे. पूर्वी धूळ होती, आता पडदा आहे. पूर्वी रांग होती, आता बोटाचं काम. अशी भाषणं मी केली आहेत, शाल-श्रीफळ घेऊन केली आहेत आणि त्यांतलं बहुतेक खरंच होतं. पण लिहायला बसले की मला एक कपाट आणि एक मुलगी एवढंच दिसतं. संपादक म्हणाले, मग तेच लिहा.

आधी यंत्राच्या बाजूने लिहिते. ती बाजू माझीही होती.

ज्यांचा ग्रंथालयाशी संबंध शाळेनंतर सुटला त्यांच्यासाठी सांगते. आता पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे एक चिकटपट्टी असते. पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी, आत धातूच्या बारीक रेषांची नक्षी. तिच्यात बॅटरी नसते. यंत्राजवळ नेली की ती आपला क्रमांक सांगते, बाकी वेळ गप्प. वाचकाच्या कार्डातही तशीच पट्टी. कार्ड आणि पुस्तक यंत्रावर ठेवलं की देवघेव झाली. नोंद न करता पुस्तक बाहेर नेलं तर दारातले खांब वाजतात. माझे वडील भद्रावतीच्या कारखान्यात होते, त्यामुळे दाराने माणूस तपासणं मला लहानपणापासून माहीत. फक्त तिथे दार माणसाला थांबवायचं ते वस्तूसाठी, आणि वस्तू म्हणजे बारूद.

सगळ्यात मोठं सुख साठा-तपासणीचं. पूर्वी त्यासाठी ग्रंथालय बंद ठेवावं लागे. तोंडाला रुमाल बांधून आम्ही एकेक पुस्तक काढायचो, क्रमांक वाचायचो, ठेवायचो. संध्याकाळी शिंकांशिवाय दुसरं बोलणं नसे. आता बॅडमिंटनच्या बॅटसारखं एक यंत्र हातात धरून मांडण्यांमधून चालत गेलं की झालं. पहिल्याच दिवशी ते अध्यात्माच्या कपाटापाशी वाजायला लागलं. मागे हात घातला तर विहीर खोदण्यावरचं एक पुस्तक निघालं, जे आम्ही कधीच हरवलं म्हणून लिहून टाकलं होतं. कोणीतरी ते स्वतःपुरतं लपवून ठेवलं असणार. अध्यात्माला हात लावणारा आमच्याकडे कोणी नाही हे त्याने बरोबर हेरलं होतं.

दारावर माणसं मोजणारा एक डोळाही होता. तो बसला आणि आमचा आलेख चढत गेला. वरच्या कार्यालयाने अभिनंदन केलं. आलेख चढवत होती ती अभ्यासिकेतली मुलं, पोलीस भरतीची, वनरक्षकाची. त्यांतल्या एकाला मी विचारलं, “अरे, तू रोज येतोस, पण एकही पुस्तक नेत नाहीस.”

तो म्हणाला, “पुस्तकं हायेत मॅडम माह्याजवळ. घरी फॅन नाई.”

मला उत्तर आवडलं. ज्याच्या घरी पंखा नाही त्याला पंखा देणं हेही ग्रंथालयाचंच काम आहे असं मी मानते. पण पडद्यावर त्याला वाचक म्हणत होते. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, उलट बरंच वाटलं.

त्यानंतर कपाटं आली.

पूर्वी गावांना ग्रंथपेटी जायची. पत्र्याची ट्रंक, आत पुस्तकं, एसटीच्या टपावर चढवून पाठवायची. गावातले गुरुजी ती शाळेत ठेवत. काही महिन्यांनी ती परत यायची तेव्हा आत कोणी काय वाचलं हे आम्हाला कधी कळत नसे. कधी पुस्तकांच्या पानांना हळदीचे डाग असत, कधी दोरीची गाठसुद्धा आम्ही बांधलेलीच असे. हे कळावं म्हणून नवं कपाट. माणसाच्या उंचीचं, पोलादी, काचेचं दार, वर सौरपट्टी, आत मोबाइलसारखं सिमकार्ड. वाचकाने कार्ड टेकवलं की कडी सुटते. दार लागलं की कपाट आतली पुस्तकं स्वतः मोजतं, कोणतं गेलं, कोणतं आलं, कोणाच्या कार्डावर, आणि नेटवर्क सापडलं की ती बातमी माझ्या पडद्यावर आणि वरच्या कार्यालयाच्या पडद्यावर पाठवतं. आमच्या तालुक्याला अशी काही कपाटं मिळाली. त्यातलं एक मी पिपरटोल्याला मागून घेतलं.

पिपरटोला हा ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, टोला, लहानशी वस्ती. मोठा तलाव, त्याच्या खाली थोडी धानाची शेती, पलीकडे जंगल. कपाट समाजमंदिरात बसवलं. नेटवर्क तलावाच्या बांधावर येतं, गावात येत नाही, म्हणून कपाटाची तार छपरावर चढवली. बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला होता, निखिल नावाचा, नागपूरचा. कामाचा माणूस, न चिडता समजावून सांगणारा. सगळ्या मोठ्या माणसांची कार्डं फोटोसह काढली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचीही काढली. देवाजीभाऊ हे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. ते कार्ड उलटसुलट पाहत म्हणाले, “बाई, हे कपाट आम्हाले ओळखते का?”

“तुम्हाला नाही भाऊ, कार्डाला ओळखतं.”

“मंग बकरीच्या गळ्यात बांधलं तं?”

“तर बकरी वाचक.”

लोक हसले. निखिलही हसला. मीही हसले.

रेखा तिथेच भिंतीला टेकून बसली होती. तिशीच्या आतली, बारीक, डोळ्यांत पिवळट झाक. ती बारावी झाली होती, कॉलेजात पहिलं वर्ष केलं आणि दुखण्याने सोडलं. दुखणं सिकलसेलचं. आमच्या भागात हे वेगळं समजवावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी लिहिते: रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि हाडं आतून ठणकतात. पाण्यात उतरलं, थंडी लागली, श्रम झाले की ठणका येतो. ढिवराच्या घरात जन्मलेल्या माणसाला पाण्यात उतरता येत नसेल तर त्याने करायचं काय? आई पारबताबाई बाजाराला मासळी घेऊन जायच्या, रेखा घरी बसायची. लग्नाचं कोणी विचारत नव्हतं, तिनेही विचारू दिलं नाही.

तिला कार्ड दिलं तेव्हा तिने पर्समधून सिकलसेलचं लाल कार्ड काढून शेजारी धरलं. “दोन झाले मॅडम आता. यानं दवाखान्याचं दार उघडते. त्यानं काय उघडते पाहू.”

काही आठवड्यांनी पडद्यावर पाहिलं तर पिपरटोल्याला एकच कार्ड चालत होतं, रेखाचं. रोज संध्याकाळी एक पुस्तक बाहेर, दिवेलागणीनंतर तेच पुस्तक आत. रोज तेच. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मी एसटीने गेले.

समाजमंदिराच्या ओट्यावर लोक बसले होते, बाया-माणसं मिळून चाळीसेक. मधे दोन जाळी पसरलेली. जाळं सांधायचं काम डोळे आणि हात मागतं, कान मोकळे असतात. ओट्याच्या कडेला रेखा गोधडी पांघरून बसली होती आणि वाचत होती. पुस्तक रोज परत का ठेवते, ते मग विचारलं. घरी उंदीर आणि चुलीचा धूर, म्हणून. “तिथी बरं राह्यते ते,” ती म्हणाली.

ती जाडजूड कादंबरी एका नावाड्याच्या खटल्याची होती. नावेत बसलेला व्यापारी बुडून मरतो आणि खुनाचा आरोप नावाड्यावर येतो. पुस्तकाची भाषा पुण्याकडची, कोर्टाची. वकील नावाड्याला विचारतो, ‘आपण त्या वेळी तेथे कशासाठी गेला होतात?’ रेखा पानावर बोट ठेवून वाचायची, “तू तवा तिथी काऊन गेलतास?” हे ती मनाशी जुळवून नाही, वाचता वाचता करायची. अडखळायची नाही. वकिलाचा आवाज वेगळा, नावाड्याचा वेगळा. नावाड्याचा आवाज तिने देवाजीभाऊंचा काढला होता आणि हे देवाजीभाऊंना सोडून सगळ्यांना कळत होतं.

प्रेत घाटाशीच सापडलं हे आलं तेव्हा एक म्हातारे जाळं खाली ठेवून म्हणाले, “थांब वो पोट्टी. धारेत बुडवला तं मुडदा तिथीच कसा निघन? खाली वाहत नाई जाईन का?”

“ते वकिलाले समजलं नाई अजून आबाजी,” रेखा म्हणाली.

“मंग सांग त्याले.”

“मी सांगू? तो पुस्तकात हाय.”

“पुस्तकात असन का कोर्टात, वकिलाले पाण्याचं काय समजते,” देवाजीभाऊ म्हणाले. “वाच तू.”

मधेच तिचा हात मांडीवर घट्ट व्हायचा, ती दोन वाक्यांमध्ये थांबायची. लोकांना ते माहीत होतं. कोणी वर पाहायचं नाही. जाळ्याच्या गाठी मारत राहायचे आणि आवाज परत येईपर्यंत थांबायचे.

तलावात मोठं जाळं पडलं की मासळीचे हिस्से पडतात. ओढणाऱ्यांचे, डोंगा म्हणजे होडी ज्याची त्याचा, तलावाची राखण करणाऱ्याचा. हिस्सा कामाचा असतो. एखाद्या घरात कमावणारं नसेल तर त्यांनाही मासळी देतात, पण तिला हिस्सा म्हणत नाहीत, ती नुसती दारात ठेवून जातात. पारबताबाईंच्या दारात अशी मासळी अनेक वर्षं येत होती. त्या हिवाळ्यात देवाजीभाऊंनी हिस्से लावताना एक जास्तीचा लावला आणि म्हणाले, “हा वाचनाऱ्याचा.” कोणी हरकत घेतली नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य होतं. रेखाने स्वतः टोपली घेऊन जाऊन तो उचलला. बांधावर जाऊन तिने मला फोन केला. एवढंच म्हणाली, “मॅडम, मले हिस्सा भेटला.”

या वाक्याचं वजन ज्याला कळत नाही त्याला ही पुढची गोष्ट कळणार नाही.

वरच्या कार्यालयाने तीन महिन्यांचा आढावा घेतला. पिपरटोला: वाचक एक, पुस्तक एक. कपाट महागाचं, मागणारी गावं पुष्कळ, तेव्हा ते जास्त वापराच्या ठिकाणी हलवावं. मी फोन केला. पलीकडे एक सज्जन अधिकारी होते. मी त्यांना ओट्यावरची चाळीस माणसं सांगितली, जाळी सांगितली, हिस्साही सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “मॅडम, मला पटतंय. पण ऐकणारे मोजायची सोय त्यात नाही.” पुढच्या आढाव्यापर्यंत मुदत मिळाली.

त्याच सुमारास निखिल सौरपट्टी पुसायला आणि तार तपासायला पिपरटोल्याला गेला. लोकांनी त्याला विचारलं, कपाट खरंच नेणार का. त्याने भल्या मनाने सांगितलं, “एकच कार्ड चालतं म्हणून नेतात. सगळ्यांनी आपापलं कार्ड वापरा. जास्त लोकांनी उघडलं की ते राहील.”

लोकांनी ते काम म्हणून अंगावर घेतलं, पिपरटोल्यात काम घेतात तसं.

मासळी मोठी होत आली की तलाव राखावा लागतो. चोरीपासून, पाणमांजरापासून. त्याला पारी असते. पारी म्हणजे पाळी. ओळीने घरं ठरलेली, आज याचं घर, उद्या शेजारचं. आजारी असो, घरी पाहुणा असो, पारी चुकत नाही; अगदीच नाही जमलं तर भावाला पाठवायचं. देवाजीभाऊंनी बैठक घेतली आणि कपाटालाही पारी लावली. ओळ तीच, तलावाची. पहाटे बांधावरून परत येताना ज्याची पारी त्याने कार्ड टेकवायचं, वरच्या खणातलं पहिलं पुस्तक काढायचं, दार लावायचं. मग परत उघडून ठेवायचं. मागून घरातल्या बाकीच्यांनीही तसंच. वाचता न येणारे आबाजी चपला काढून जायचे, पुस्तक दोन्ही हातांनी घ्यायचे आणि कपाळाला लावून परत ठेवायचे. एका घरचे लोक लग्नाला घुग्घुसला गेले तर कार्डं शेजाऱ्याजवळ देऊन गेले.

संध्याकाळी रेखाचं वाचन चालूच. नावाड्याचा खटला शेवटाकडे आला होता.

माझ्या पडद्यावर पिपरटोल्याचा आलेख उठला. मी तो कार्यालयातल्या लोकांना दाखवला. पारीचं मला तेव्हा माहीत नव्हतं; माझ्या मते रेखाचं वाचन आता पसरत होतं. वरून अभिनंदनाचा निरोपही आला.

मग तो मंगळवार. कपाटाच्या आत जी प्रणाली आहे तिला गडबड ओळखायला शिकवलेलं असतं, बँकेच्या कार्डाचं असतं तसं. रोज त्याच सुमाराला, तेच पुस्तक, घरामागून घर, क्रम न चुकता, काही क्षण बाहेर आणि परत आत. माणसं असं वाचत नाहीत हे तिचं बरोबर होतं. कोणीतरी एक जण सगळ्यांची कार्डं घेऊन आकडा फुगवतोय, असा तिने अर्थ लावला आणि गावाची सगळी कार्डं गोठवली. रोज संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळ चालणारं कार्ड रेखाचं, म्हणून संशयित म्हणून तिच्या नावापुढेही लाल ठिपका आला.

कादंबरी आत होती. आमच्याकडे तिची दुसरी प्रत नव्हती, दुकानात तर ती कधीच मिळेनाशी झाली होती. कपाट उघडायची सोय माझ्या हातात नव्हती. किल्ली नावाची वस्तूच त्यात नाही, तीच त्याची खूबी म्हणून सांगतात. पाहणी करायला माणसं येतील, खात्री करतील, मग वरून उघडेल. पाहणीचा दिवस ठरेना. मी रोज फोन करत होते. निखिलही करत होता, हे मला नंतर कळलं.

मी दुसरी पुस्तकं पिशवीत घालून घेऊन गेले. रेखाने एक सुरू केलं. लोक बसले, पण दोन संध्याकाळींनंतर आबाजी म्हणाले, “ते नावाड्याचं काय झालं ते सांगा आधी. त्याले तसाच कोर्टात उभा ठेवून हे कुठी ऐकत बसू?” त्यात पारबताबाईंच्या कानावर संशयाची गोष्ट गेली. त्या मला ओट्यावर भेटल्या, टोपली डोक्यावर तशीच. “तुमच्या कपाटानं माह्या पोरीले चोर म्हटलं बाई,” त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावू लागले की असं कोणी म्हटलेलं नाही, ती यंत्राची रीत आहे. त्या ऐकून घेऊन निघून गेल्या.

पुढच्या वेळी जाळं पडलं तेव्हा देवाजीभाऊंनी वाचणाऱ्याचा हिस्सा लावला. रेखा आली नाही. त्यांनी घरी पाठवला, तिने परत पाठवला. देवाजीभाऊ स्वतः गेले.

“काऊन वो, मासळी खराब हाय का?”

“काम नाई तं हिस्सा कायचा, भाऊ?”

“कपाट बंद हाय, तू थोडीच बंद हायेस. पाह्य, सब्बल आनतो, पाच मिंटाचं काम हाय. काच फुटन, कडी निंगन, पुस्तक तुह्या हातात.”

“नोका. मॅडमवर येईन ते. पयलेच आपल्यावर नाव हाय.”

“मंग हिस्सा घे.”

“उघडलं का घेईन.”

हे सगळं मला देवाजीभाऊंनी सांगितलं, पण नंतर, तेरवीच्या दिवशी.

कपाट तसंच बंद राहिलं आणि महिने गेले. पावसाळा संपत होता, हवेत गारठा होता. रेखाला ठणका आला तो छातीत. आधी तालुक्याला नेलं, तिथून चंद्रपूरला. मी भेटायला गेले तेव्हा तिला रक्त चढत होतं. पारबताबाई खाटेखाली चटईवर झोपल्या होत्या. रेखा जागी होती. आवाज बसला होता.

“उघडलं का मॅडम?”

“नाही. येत्या आठवड्यात येतो म्हणतात.”

मी म्हटलं, “मी वाचलेली आहे ती कादंबरी. शेवट सांगू का?”

“नोका सांगू.” मग म्हणाली, “आधीच मले माहीत असलं तं वाचतांनी आवाजात येते. लोकाईले समजून जाते.”

मी चाळीस वर्षं पुस्तकांत काढली. वाचनाबद्दल याहून नेमकं कोणी मला सांगितलेलं नाही.

ती दोन दिवसांनी गेली. कपाटाने तिला मारलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. तिचे डॉक्टर मला म्हणाले की हे कधी ना कधी होणारच होतं. ते खरं आहे. पण माणूस मरतो तेव्हा तो काय म्हणून मरतो, हेही असतं. ती ज्या हिवाळ्यात वाचणारी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्याआधी पुन्हा घरी बसलेली मुलगी होऊन मेली. त्या मधल्या काळात तिच्या नावापुढे लाल ठिपका होता.

पाहणी झाली. आलेले लोक चांगले होते. त्यांनी ओट्यावर बसून सगळ्यांना विचारलं, देवाजीभाऊंनी पारी समजावून सांगितली, तलावाची ओळ घरांवर बोट दाखवून दाखवली. आबाजींनी चपला काढून पुस्तक कसं घ्यायचं तेही करून दाखवलं. त्यांतल्या एकाने डोळे पुसले. अहवालात गैरवापर नाही असं आलं, ठिपका हिरवा झाला, दार उघडलं. कादंबरीत शेवटची काही पानं राहिली होती, तिथे खुणेला जाळ्याचा दोरा होता. त्यानंतरच्या आढाव्यात पिपरटोल्याचं एकही कार्ड चाललं नव्हतं. लोकांनी पारी बंद केली होती. कपाट हलवलं. आता ते मोठ्या गावात एका कॉलेजात आहे आणि चांगलं चालतं. पोरं खरंच पुस्तकं नेतात, वाचतात, परत आणतात. मी एकदा जाऊन पाहून आले. त्या कपाटाचा मला राग नाही. ते जे मोजायला केलं आहे ते नीट मोजतं.

निवृत्त झाल्यावर ती कादंबरी मी माझ्या कार्डावर घेतली आणि पिपरटोल्याला गेले. मी येणार हे कळवलं होतं. ओट्यावर बरीच माणसं जमली, जाळं एकच होतं. मी रेखासारखं त्यांच्या बोलीत वाचायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच वाक्याला अडखळले. देवाजीभाऊ म्हणाले, “तुमी तुमच्याच भाषेत वाचा बाई. समजते आम्हाले.” मग मी पुस्तकातलं जसंच्या तसं वाचलं. व्यापाऱ्याला ज्याने बुडवलं त्याचं नाव आलं, तेव्हा कोणी आश्चर्य दाखवलं नाही. नावाडी निर्दोष सुटला. तो घाटावर परत गेला, नाव पाण्यात लोटली आणि दिवसभर काठाशी बांधून बसला, तिथे पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटलं. आबाजी म्हणाले, “सुटला म्हनता, पन त्याच्या नावेत बसलं कोनी?”

“ते लिहिलेलं नाही.”

“म्हंजे नाई बसलं,” ते म्हणाले आणि उठले.

पारबताबाई त्या दिवशी ओट्यापर्यंत आल्या होत्या. खांबाशी उभ्या राहिल्या. मी वाचायला सुरुवात केल्यावर काही वेळाने पाहिलं तर त्या नव्हत्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी पिपरटोल्याला जाते. सकाळची एसटी धरते, संध्याकाळचं वाचन करते, मुक्काम देवाजीभाऊंकडे, रविवारी परत. पुस्तक माझ्या पिशवीत असतं. माझा आवाज लहान आहे, ओट्याच्या टोकापर्यंत जात नाही. गावात आता दोन मुलं कॉलेजला आहेत, त्यांना मी वाचून पाहा म्हटलं, ती लाजतात. पहिल्या काही महिन्यांत वीसेक जण बसायचे. सध्या चार येतात. पारबताबाई त्यांत नसतात.